आधी उभं राहणं, मग तरंगणं

प्रश्न : आमचा मुलगा सात वर्षांचा, उंची ३ फूट ११ इंच. एप्रिलमध्ये पोहण्याच्या बॅचला घातला होता. तिसऱ्या दिवशी सरांनी न सांगता हात सोडला आणि त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं. आता तलावाच्या दारातूनच रडत परत फिरतो. सोसायटीच्या तलावात उथळ बाजूलाही ४ फूट पाणी आहे. आजोबा म्हणतात, आमच्या वेळी विहिरीत ढकलून द्यायचे, त्याशिवाय भीती मोडत नाही. काय करावं?
— एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : ढकलू नका. विहिरीत शिकवणारेही पाठीला पत्र्याचा डबा किंवा पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधत, कमरेला दोर लावत. आठवणीत ढकलणं राहतं, दोर विसरला जातो.

३ फूट ११ इंचाच्या मुलाच्या डोक्यावरून ४ फूट पाणी जातं. त्याला तिथे उभंच राहता येत नाही, मग तो घाबरणारच. त्याला कमरेच्या आसपास, म्हणजे सव्वादोन ते अडीच फूट पाणी हवं. लहान मुलांचा वेगळा हौद असेल तर तिथे न्या, नसेल तर पायऱ्यांवर बसवून सुरुवात करा.

पहिलं काम घरी, बादलीवर. चेहरा पाण्यात घालून नाकाने ‘म्म्म’ असा हुंकार द्यायचा. हुंकार चालू असेपर्यंत हवा नाकातून बाहेर येत राहते आणि पाण्याला आत शिरायला वाट मिळत नाही. घाबरलेलं मूल नेमकं उलट करतं : श्वास रोखून धरतं, मग घाईने ओढतं, आणि ठसका लागतो. सुरुवात ३ सेकंदांनी करा, मग ५. पुढे तोंड वर काढून तोंडाने श्वास आणि पाण्यात नाकाने सोडणं, असं ओळीने १० वेळा. डोळ्यांवरचं पाणी पुसू देऊ नका, पापण्या मिटून उघडायला सांगा. पुसायची सवय लागली की पाण्यात हात मोकळे राहत नाहीत. पूर्ण वेळ शेजारी बसा आणि झाल्यावर बादली रिकामी करा.

तलावात गेल्यावर पालथं तरंगण्याबरोबरच त्यातून पुन्हा उभं राहणंही शिकवा. घाईच्या बॅचमध्ये हेच राहून जातं, आणि भीतीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं : आडवं झाल्यावर पाय तळाला कसे लावायचे ते मुलाला ठाऊक नसतं. गुडघे पोटाशी घ्यायचे, दोन्ही तळहातांनी पाणी खाली दाबायचं, मग डोकं वर आणि पाय तळाला. डोकं आधी उचललं तर पाय मागेच राहतात आणि मूल धडपडतं. कठडा धरून हे जमलं की तुमचा हात धरून, मग आधाराशिवाय.

उताणं तरंगताना कान पाण्यात बुडू द्या. कान वाचवायला मान उचलली की कंबर खाली जाते. मानेखालचा हात हळूहळू दोन बोटांवर आणा, पण ‘आता सोडते’ म्हटल्याशिवाय काढू नका. त्याचा विश्वास एकदा मोडला आहे. तो परत मिळवणं सगळ्या व्यायामांपेक्षा महत्त्वाचं.

एका वेळी २० मिनिटं पुरे, दात वाजू लागले तर त्याआधीच बाहेर. डिसेंबर-जानेवारीत उघड्या तलावाचं पाणी गार असतं, अंग आखडतं, श्वास तोकडा होतो. मार्च ते मे, तेही संध्याकाळी, ऊन खाल्लेल्या पाण्यात सुरू करा. पुन्हा बॅच लावाल तेव्हा सर पाण्यात उतरतात की काठावरून सांगतात, हे आधी विचारा. या मुलाला पाण्यात उतरणारेच सर हवेत.

प्रश्न : पाच वर्षांची मुलगी पोहताना दंडावर चढवायचे हवेचे फुगे काढूच देत नाही. चालेल का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : फार दिवस नको. फुगे अंग उभं धरून ठेवतात आणि पाय सायकल मारल्यासारखे चालतात. पोहायला अंग आडवं लागतं. शिवाय ते निसटतात, फुटतात, म्हणून फुगे असले तरी मुलगी तुमच्या हाताच्या अंतरावरच हवी. हवा थोडी थोडी कमी करण्याचा उपाय टाळा, सैल फुगा दंडावरून सटकतो. ती ताजीतवानी असताना, म्हणजे पहिली १० मिनिटं, कमरेइतक्या पाण्यात फुग्यांविना खेळू द्या. मग हातात फळी द्या आणि पालथं होऊन पाय मारताना तोंड पाण्यात घालून तोच हुंकार करायला लावा.