वजन जास्त असल्यामुळे गर्भाशयातले जिवाणू बिघडतात आणि म्हणून आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडण्याचा उपचार) फसतं का?

तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३२, म्हणजे लठ्ठपणाच्या गटातला; दोन ट्रान्सफर, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडणं, होऊनही गर्भ रुजला नाही, आणि आता 'जिवाणूंची तपासणी करा, आधी वजन उतरवा' असा सल्ला मिळालाय. मी एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे प्रयोगशाळेत गर्भ वाढवणारी तज्ज्ञ आहे. आधी एक सांगते: दोन वेळा अपयश आलं म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

वजनाचा गर्भाशयावर परिणाम होतो, याला चांगला आधार आहे. स्पेनमध्ये दात्या स्त्रियांची बीजं वापरून केलेल्या ९,५८७ उपचार-फेऱ्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दात्यांचं वजन सर्वसाधारण होतं, तरी ती बीजं घेणाऱ्या लठ्ठ स्त्रियांमध्ये गर्भ रुजण्याचं प्रमाण कमी निघालं. म्हणजे सगळा भार बीजावर टाकता येत नाही.

पण त्यामागे जिवाणूच आहेत, असं म्हणायला पुरावा तोकडा पडतो. २०१६ मध्ये आयव्हीएफ घेणाऱ्या ३५ स्त्रियांच्या अभ्यासात, गर्भाशयातल्या द्रवात ९० टक्क्यांहून जास्त लॅक्टोबॅसिलस (योनीत सहसा आढळणारे हितकारक जिवाणू) असलेल्यांना यश बरंच जास्त मिळालं. तेव्हापासून ही तपासणी गाजली. मात्र ३५ म्हणजे फारच लहान गट. शिवाय गर्भाशयात जिवाणू मुळातच अत्यंत कमी, आणि नमुना घेणारी नळी योनीतून, गर्भाशयमुखातून आत जाते. वाटेतले जिवाणू तिला चिकटले, तर अहवाल नक्की कुठला मानायचा? जास्त वजनाच्या स्त्रियांमध्ये लॅक्टोबॅसिलस कमी आणि इतर जिवाणूंची सरमिसळ जास्त, असं काही अभ्यासांत दिसतं. इन्सुलिनला न जुमानणारं शरीर, सतत धुमसणारा सौम्य दाह, संप्रेरकांची उलथापालथ, यांतून तसं होऊ शकतं. पण हेच घटक गर्भाशयाच्या अस्तरावर थेटही परिणाम करतात, त्यामुळे जिवाणू हे कारण की नुसती खूण, ते वेगळं काढणं अवघड आहे.

मग वजन उतरवून फायदा? स्वीडन, डेन्मार्क आणि आइसलँडमध्ये बीएमआय ३० ते ३५ असलेल्या ३१७ स्त्रियांपैकी निम्म्यांना आयव्हीएफआधी कडक आहारावर ठेवलं. सरासरी नऊ किलोंहून जास्त वजन उतरलं, तरी मूल होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच राहिलं. नेदरलँड्सच्या अशाच अभ्यासात, आहार-व्यायामाच्या गटात उपचारांशिवाय दिवस जाण्याचं प्रमाण मात्र वाढलं. गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब टाळायलाही वजन उतरवणं मोलाचं आहे, म्हणून ते जरूर करा. फक्त त्यासाठी उपचार वर्षभर थांबवू नका, विशेषतः वय पस्तिशीच्या पुढे असेल तर. गर्भ आधीच गोठवून ठेवलेले असतील, तर बीजाच्या वयाची चिंता नाही आणि काही महिने थांबायला हरकत नाही.

तुमच्या जागी मी असते तर डॉक्टरांना आधी विचारलं असतं: ट्रान्सफर केलेले गर्भ कोणत्या दर्जाचे होते, साखर आणि थायरॉइड तपासलं का, अस्तराच्या जुनाट दाहासाठी बायोप्सी (अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासणं) हवी का? जिवाणूंच्या तपासणीचा अहवाल आला, तर उपचारात नेमकं काय बदलणार, हेही विचारा. उत्तर पटलं नाही तर ते पैसे पुढच्या ट्रान्सफरसाठी ठेवा. आणि प्रतिजैविकं किंवा प्रोबायोटिक स्वतःच्या मनाने अजिबात सुरू करू नका.