ग्रीसचं घर, भावाचे पैसे

प्रश्न : आम्ही पती-पत्नी नाशिकला राहतो. मुलगा 19 वर्षांचा, मुलगी 15. ग्रीसच्या गोल्डन व्हिसासाठी (तिकडे घर घेतल्यावर मिळणारा राहण्याचा परवाना) अथेन्समधला 95 चौरस मीटरचा फ्लॅट 4 लाख युरोंना ठरतोय. थोडे पैसे धाकटा भाऊ देणार आहे. त्याने ते स्वतःच्या खात्यातून परस्पर ग्रीसला पाठवले तर चालेल का?

उत्तर : पैशांकडे येऊच, आधी टोकन थांबवा. 1 सप्टेंबर 2024 पासून अथेन्ससह सगळ्या अ‍ॅटिका भागात किमान 8 लाख युरो लागतात. 4 लाखांची अट बाहेरच्या बहुतेक भागांसाठी, आणि दोन्हीकडे एकच मिळकत, किमान 120 चौरस मीटरची. दुकानाचा गाळा किंवा ऑफिस बदलून केलेलं घर अथेन्समध्येही अडीच लाखांत बसतं, मात्र वापरबदल अर्जाआधी पूर्ण झालेला हवा. तुमचा फ्लॅट तसा आहे का, हे एजंटकडून लेखी घ्या.

आता भाऊ. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली, माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. घरच्यांच्या मर्यादा एकत्र करता येतात, पण मालमत्तेसाठी पाठवणारा प्रत्येक जण सहमालक असला तरच. बरं, भावाचं नाव खरेदीखतात घातलं तर तिकडे अडतं : पती-पत्नी वगळता सहमालक असतील, तर प्रत्येकाचा हिस्सा किमान रकमेइतका लागतो. म्हणून भावाने रुपये इथेच, बँकेतून, बक्षीसपत्र करून तुम्हाला द्यावेत. भावाकडच्या बक्षिसावर तुम्हाला आयकर नाही. बाहेर पाठवायचे ते तुम्ही दोघांनीच, दोघांचीही नावं खतात घालून.

दोघांचे मिळून वर्षाला 5 लाख डॉलर. युरो 1.25 डॉलरच्या खाली असेल तर त्यात 4 लाख युरो बसतात, पण 3.09 टक्के हस्तांतर कर (12,360 युरो), नोटरी आणि वकील यांनाही जागा ठेवा. 8 लाखांचं घर घ्यायचं तर अर्धे मार्चमध्ये, अर्धे एप्रिलमध्ये पाठवावे लागतील. परदेशी खात्यात नुसते पडून राहिलेले पैसे 180 दिवसांत परत आणावे लागतात, हे लक्षात असू द्या. कर्जाचे पैसे यात चालत नाहीत.

बहुतेकांचा हिशेब चुकतो तो टीसीएसमध्ये, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते त्या आगाऊ करात. माणशी, वर्षाला 10 लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के वेगळे घेते. एकाने 2 कोटी पाठवले तर वर 38 लाख! विवरणपत्रात ते वळते होतात, पण तोवर अडकून राहतात.

मुलं 21 च्या आत आणि अविवाहित असल्याने दोघांनाही परवाना मिळेल. विवाह आणि जन्माच्या दाखल्यांना अपॉस्टिल (परदेशात ग्राह्य धरला जाणारा सरकारी शिक्का) लागेल. जन्मदाखला आजच काढून पाहा. पुष्कळदा त्यावर बाळाचं नावच नसतं, नाहीतर आईचं माहेरचं नाव असतं आणि पासपोर्टवर सासरचं.

परवाना पाच वर्षांचा. घर विकलं नाही तर नूतनीकरण होतं, तिकडे राहण्याची सक्ती नाही. त्यावर नोकरी मात्र करता येत नाही. घर वर्षाच्या भाड्याने द्या, एअरबीएनबीवर नको : परवाना जातो, वर 50,000 युरो दंड. इथल्या विवरणपत्रात शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) दोघांनीही आपापलं भरायचं. ते राहिलं तर 10 लाख रुपये दंड होऊ शकतो.