रेडिएशन चालू असताना खाण्यासाठी नळी लागेल का, हे आधी कळतं का?

तुम्ही लिहिलंय की बाबांना जिभेच्या मुळाशी कॅन्सर आहे, मानेच्या दोन्ही बाजू धरून रेडिएशनच्या 35 बैठका आणि सोबत केमो ठरलीय, वजन तीन महिन्यांत 68 वरून 62 वर आलंय, आणि डॉक्टर "बघू, कदाचित नळी लागेल" एवढंच म्हणाले. मी रेडिएशन विभागात डाएटिशियन आहे, असेच पेशंट रोज बघते, म्हणून सरळच सांगते. बाबांना नळी लागायची शक्यता बरीच जास्त आहे. लागेलच असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही, पण धोका जास्त की कमी हे ट्रीटमेंटच्या आधी नक्की कळतं.

कशावरून? एक तर जागा. जिभेचं मूळ, टॉन्सिल, घशाचा खालचा भाग इथे रेडिएशन दिलं की गिळायचे स्नायूच त्यात सापडतात, उलट स्वरयंत्रावरची अगदी लहान गाठ असेल तर भाग छोटा असतो आणि नळी क्वचितच लागते. मग गाठ किती मोठी, मानेच्या दोन्ही बाजू घेतल्यात का, सोबत केमो आहे का. आणि घरच्यांचं ज्याच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं ते म्हणजे सुरू व्हायच्या आधीच उतरलेलं वजन, बाबांचं जवळजवळ 9 टक्के गेलंय, हे थोडं नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या डॉक्टरांनी 2014 मध्ये ट्रीटमेंट संपून 6 महिन्यांनीही नळी कोणाला लागते याचं एक गणित मांडलं होतं, त्यातही गाठीची स्टेज, आधी उतरलेलं वजन, केमो आणि गिळायच्या स्नायूंना मिळालेला डोस हेच पुढे आलं. हा डोस रेडिएशनच्या प्लॅनमध्ये, म्हणजे कुठे किती रेडिएशन द्यायचं त्या आखणीत दिसतो, डॉक्टरांना बिनधास्त विचारा.

आता दिवसांचं सांगते, कारण इथेच लोक फसतात. पहिले दोन आठवडे काहीच होत नाही, सगळ्यांना वाटतं आपला पेशंट निभावून नेणार, मग तिसऱ्या आठवड्यात तोंड यायला लागतं, लाळ चिकट होते, चव जाते, आणि सगळ्यात वाईट काळ असतो शेवटचा आठवडा आणि संपल्यानंतरचे एक-दोन आठवडे, म्हणजे घरचे "सुटलो एकदाचे" म्हणत असतात तेव्हाच पेशंट घोटभर पाण्यालाही नको म्हणतो.

त्यामुळे घरी बघत राहा. वीस मिनिटांत होणारं जेवण चाळीस मिनिटांवर गेलं का, घास तोंडातच धरून बसतात का, प्रत्येक घासाबरोबर पाणी लागतं का. पाणी प्यायल्यावर लगेच दोन शब्द बोलायला सांगा, आवाज ओला, घुरघुरल्यासारखा आला तर पाणी चुकीच्या वाटेने जातंय अशी शंका घ्या, ठसका लागला नाही तरीसुद्धा. सोबत ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

नळी कधी टाकायची हे आत्ताच टीमबरोबर ठरवून ठेवा. बाबांच्या वजनाला दिवसाला साधारण 1800-1900 कॅलरी आणि 75 ते 90 ग्रॅम प्रोटीन लागेल. त्यातलं 60 टक्केसुद्धा आठवडा-दहा दिवस पोटात जात नसेल तर मी थांबत नाही, नळीचं बोलते. वजन फार उतरलं तर रेडिएशनच्या वेळी डोकं-मान हलू नये म्हणून मापाने बनवलेला मास्क सैल होतो, प्लॅन परत करावा लागू शकतो, आणि रेडिएशनमध्ये गॅप पडणं मला सगळ्यात नको असतं, कारण त्याने ट्रीटमेंटचा परिणामच कमी होतो.

आधीच पोटात नळी, म्हणजे पेग, टाकून घ्यावी का यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही. आधी टाकली तर ऐनवेळची धावपळ वाचते आणि सुरुवातीला वजन कमी उतरतं, पण काहींना ती वापरावीच लागत नाही, जागेला इन्फेक्शन होऊ शकतं, आणि पेगवाले पेशंट नळीवर जास्त दिवस राहतात असं दिसतं. नाकातली नळी चार-सहा आठवड्यांपुरती ठीक, टाकायला सोपी, फक्त चेहऱ्यावर दिसते आणि घशात टोचते. बाबांचं उतरलेलं वजन बघता मी तरी पेगचा विषय सुरू व्हायच्या आधीच काढला असता.

नळी लागली म्हणजे आजार वाढला का, हे पेशंट मला नेहमी विचारतात. नाही, नळी सुजलेल्या घशासाठी असते. फक्त नळी आली म्हणून गिळणं पूर्ण बंद करू नका, गिळण्याच्या थेरपिस्टनी परवानगी दिली तर रोज थोडं तोंडाने चालू ठेवा आणि गिळायचे व्यायाम रेडिएशनच्या आधीपासून सुरू करा, कारण न वापरलेले स्नायू आखडतात आणि मग नळी निघायला फार उशीर होतो.

बाबांना आत्ता पाणी पिताना ठसका लागतो का, तेवढं कमेंटमध्ये लिहा. लागत असेल तर रेडिएशन सुरू व्हायची वाट न बघता याच आठवड्यात गिळण्याची तपासणी करून घ्या.