दिवा कशाचा आणि सांगतोय काय: वाचकांचे प्रश्न

यावेळच्या पत्रांत डॅशबोर्डचे प्रश्न इतके आलेत की बाकीचे पुढच्या अंकासाठी ठेवले. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो कारण खालच्या उत्तरांत ती परत परत येणार आहे. दिव्याला इंजिन दिसत नाही, त्याच्या वायरीच्या पलीकडच्या टोकाला जो स्विच किंवा सेन्सर बसवलाय त्याला जेवढं कळतं तेवढंच दिव्याला कळतं. ऑइलचा दिवा, बॅटरीचा दिवा ही नावं आपण चित्र बघून दिलीत आणि निम्मा घोळ तिथेच होतो.

प्रश्न: काका, गाडी वळणावर घेतली की ऑइलचा लाल दिवा एक-दोन सेकंद लुकलुकतो, सरळ रस्त्याला लागलो की जातो. सर्व्हिसिंगला अजून पंधरा दिवस आहेत, तोवर चालवली तर चालेल का?

नाही दादा, एक दिवससुद्धा नको. अंक छापून येईपर्यंत वेळ जाणार म्हणून संपादकांना सांगून तुम्हाला आधीच फोन करायला लावला, इथे बाकीच्यांसाठी लिहितोय.

हा दिवा ऑइलचं प्रेशर बघतो, ऑइल किती आहे ते त्याला माहीतच नसतं. इंजिनच्या तळाशी असलेल्या चेंबरमधलं ऑइल पंप जाळीतून ओढून घेतो आणि फिल्टरमधून क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, बेरिंगांकडे ढकलतो. ब्लॉकवर एक छोटा स्विच असतो, आत पडदा आणि स्प्रिंग, प्रेशर आलं की पडदा दाबला जातो, कॉन्टॅक्ट सुटतो आणि दिवा विझतो. आता हा स्विच बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.५ बारच्या (बार म्हणजे प्रेशर मोजायचं माप) आसपास पलटी मारतो आणि गरम इंजिन रस्त्यावर धावताना आतलं प्रेशर साधारण २ ते ४ बार असतं, म्हणजे बघा, दिवा लागेपर्यंत प्रेशर जवळजवळ संपलेलं असतं. वळणावर ऑइल चेंबरच्या एका बाजूला जातं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. म्हणजे तुमचं ऑइल डिपस्टिकच्या (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) खालच्या खुणेच्याही बरंच खाली गेलेलं असणार.

माझ्याकडे एकदा अशीच गाडी ओढून आणली होती. दिवा लागल्यावरही मालक "घर जवळच आहे" म्हणून चालवत राहिला होता. चेंबर खोलला तर तळाशी उरलेल्या काळ्या ऑइलमध्ये अॅल्युमिनियम पेंट मिसळल्यासारखी चमक, बोटावर घेतलं तर बारीक कण टोचत होते. बेरिंगचे शेल काढले, वरचा राखाडी थर गेलेला आणि खालचं तांबं उघडं पडलेलं, एक शेल तर जागचा फिरून क्रँकला घट्ट चिकटला होता. क्रँक आणि बेरिंग यांच्यामध्ये ऑइलचा केसाहून पातळ थर असतो, सगळं इंजिन त्या थरावर तरंगतं, तो गेला की लोखंडाला लोखंड लागतं.

तेव्हा दिवा चालत्या गाडीत लागला की बाजूला घ्यायची, चावी बंद करायची, सपाट जागी पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक बघायची. कमी असेल तर योग्य ग्रेडचं ऑइल घाला आणि ते गेलं कुठे, गळतंय की जळतंय, ते त्याच दिवशी शोधा. लेव्हल बरोबर असूनही दिवा लागत असेल तर मात्र स्टार्टर मारूच नका. कदाचित नुसता स्विचच खराब निघेल, पण ते ब्लॉकला साधा प्रेशर गेज लावून ठरवायचं असतं, अंदाजाने नाही.

प्रश्न: माझ्या गाडीचा टेंपरेचरचा काटा दहा मिनिटांत बरोबर मधोमध येतो आणि मग घाटात, ट्रॅफिकमध्ये, एसी लावून, कशातच हलत नाही. मीटर अडकलाय का?

अडकला नाहीये, त्याला तसा बसवलाय. हा प्रश्न मला फार आवडला कारण बहुतेक लोक काटा स्थिर आहे म्हणून खूश असतात, विचारत कोणी नाही.

कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, एक सेन्सर बुडालेला असतो, गरम झाला की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. बऱ्याच गाड्यांत थंड असताना तो दोन-अडीच हजार ओहम दाखवतो आणि ९० डिग्रीच्या आसपास दोन-अडीचशेवर येतो. जुन्या मीटरमध्ये हा फरक थेट काट्याला जायचा, काटा दिवसभर थोडा वर थोडा खाली करायचा आणि लोक घाबरून गॅरेजला यायचे, इंजिन अगदी ठणठणीत असताना. मग कंपन्यांनी मध्ये कॉम्प्युटर घातला. आता साधारण ७५-८० पासून १०५ च्या आसपासपर्यंत काहीही असो, काटा मधोमधच ठेवतात. आकडे गाडीप्रमाणे बदलतात, पण रीत हीच. याचा तोटा असा की काटा मधून हलला म्हणजे सुरुवातीची पायरी केव्हाच मागे पडलीये. जुन्या गाडीत काटा चढताना दिसायचा, नवीन गाडीत तो एकदम उडी मारतो, म्हणून नवीन गाडीचा काटा मधून वर सरकला की लगेच थांबा, "लाल पट्ट्यात तर गेला नाही ना" हा हिशोब करू नका.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं बोलतो. होज फाटून कूलंट निघून गेलं तर सेन्सर नुसत्या हवेत लटकतो, आणि इंजिन भाजून निघत असताना काटा मधोमध राहतो किंवा चक्क खाली येतो. अशा वेळी दुसरी खूण असते ती म्हणजे हीटर. हीटरची गरम हवा पण त्याच कूलंटवर चालते, तेव्हा गरम हवा येता येता अचानक थंड यायला लागली तर काट्याकडे बघू नका, गाडी बंद करा. आणि कूलंटचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, कोणी कितीही अनुभवी असलं तरी नाही. आत प्रेशर असतं म्हणून कूलंट १०० च्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण फिरवलं की प्रेशर जातं आणि ते सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं.

प्रश्न: बॅटरीचा लाल दिवा लागला म्हणून नवीन बॅटरी बसवली, दोन दिवस झाले तरी दिवा जात नाही. बॅटरी डिफेक्टिव्ह मिळाली का?

बॅटरी बहुतेक चांगली आहे ताई, आणि वाईट वाटतं सांगायला पण कदाचित जुनी पण चांगली होती. हा दिवा चार्जिंगचा आहे.

जुन्या पद्धतीत याची रचना इतकी साधी आहे की एकदा कळली की विसरत नाही. दिव्याच्या एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र. चावी फिरवली, इंजिन बंद, तर बॅटरीकडून करंट दिव्यातून अल्टरनेटरकडे जातो, दिवा लागतो. इंजिन सुरू झालं, अल्टरनेटर वीज बनवायला लागला, आता दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज, करंट वाहायला कारणच नाही, दिवा विझतो. नवीन गाड्यांत हे काम कॉम्प्युटर करतो पण अर्थ तोच. चालू इंजिनला बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावा, साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. १२ किंवा त्याखाली येत असतील तर अल्टरनेटर, त्याचा रेग्युलेटर, वायरिंग नाहीतर बेल्ट. काही नव्या गाड्या चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, त्यामुळे एका क्षणाच्या आकड्यावर जाऊ नका, थोडा वेळ बघत रहा.

चालता चालता हा दिवा लागला तर आधी स्टिअरिंग जड झालंय का आणि टेंपरेचर चढतंय का ते बघा, कारण बऱ्याच गाड्यांत एकच बेल्ट अल्टरनेटर, वॉटर पंप आणि पॉवर स्टिअरिंग असं सगळं फिरवतो. बेल्टच तुटला असेल आणि वॉटर पंप त्यावरच असेल तर पुढे जायचं नाही. बेल्ट शाबूत असेल तर एसी, म्युझिक, काच गरम करायचा हीटर सगळं बंद करून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं, मध्ये इंजिन बंद करू नका, परत स्टार्ट होईलच असं नाही.

प्रश्न: चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला होता, मेकॅनिकने बॅटरीची वायर काढून परत लावली, दिवा गेला. तीन दिवसांनी परत लागला. आता काय?

त्या मेकॅनिकने रोग तसाच ठेवून केसपेपर फाडला. या दिव्यामागे कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड असतो, आणि कोडबरोबर त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती आरपीएमला होतं ही नोंदपण असते, वायर काढली की बऱ्याच गाड्यांत ते सगळं पुसलं जातं आणि पुढच्या माणसाला शून्यातून सुरुवात करावी लागते. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नवीन कारना ओबीडी टू ही एकसारखी पद्धत सक्तीची झाली आणि पुढे बाकी जगातही तेच सॉकेट आलं, स्टिअरिंगच्या खाली हात घातलात तर १६ पिनांचं सापडेल. साधा स्कॅनर लावून कोड वाचता येतो. आधी कोड लिहून घ्या, मग जे करायचं ते करा.

पण कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे, यात लोकांचे फार पैसे जातात. पी ०१७१ आला तर कॉम्प्युटर इतकंच म्हणतोय की हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतंय. तो हे एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडून शिकला, म्हणून लोक ऑक्सिजन सेन्सरच बदलतात, आणि खरी भानगड इनटेकच्या एखाद्या चिरलेल्या रबरी पाइपाची असते.

दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर एक-दोन दिवसांत दाखवा. लुकलुकत असेल तर मिसफायर आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि ते न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा) जाऊन तिथे जळतं आणि कन्व्हर्टर आतून वितळू शकतो. तेव्हा अॅक्सिलरेटर सोडा आणि थांबा.

प्रश्न: स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा फोनचं जीपीएस ९४ दाखवतं. खरं कोणाचं?

सरळ रस्त्यावर, एकसारख्या वेगात, जीपीएसचं. मीटर मुद्दाम थोडा जास्त दाखवतात. संयुक्त राष्ट्रांचा नियम ३९ ज्या देशांनी मानलाय तिथे मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, आणि जास्त दाखवायचं तर खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किलोमीटर एवढंच. तुमचा फरक त्यात आरामात बसतो. टायर मात्र मोठ्या मापाचे घातले तर हा हिशोब उलटतो, चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते आणि मीटरला ते कळत नाही.

प्रश्न: एबीएसचा पिवळा आणि ब्रेकचा लाल, दोन्ही दिवे एकदम लागलेत. हॅन्डब्रेक पूर्ण खाली आहे. ब्रेक लागतोय पण.

नुसता एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, लागला असता तर म्हटलं असतं साधे ब्रेक चालू आहेत, जपून गॅरेजला न्या. दोन्ही एकदम म्हणजे मागच्या चाकांना ब्रेक किती द्यायचा ते सांभाळणारी यंत्रणापण बंद झालेली असू शकते, जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरेल. ब्रेक ऑइल कमी झालं तरी लाल दिवा लागतो, तेव्हा थांबून बॉनेट उघडा आणि डबीतली लेव्हल बघा. कमी असेल तर नुसतं भरून निघू नका, गळती आहे का, पॅड झिजलेत का ते बघायला हवं, कारण पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि ऑइल तिकडे जाऊन बसतं, डबीतली लेव्हल खाली जाते. लेव्हल बरोबर असली तरी ही गाडी चालवत नेऊ नका, टो करा.

प्रश्न: जुनी गाडी बघतोय. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही, सगळं क्लीन. घेऊन टाकू का?

एकही दिवा नाही हे तुम्ही इंजिन चालू असताना बघितलं ना? आता इंजिन बंद करा आणि चावी फक्त ऑनपर्यंत फिरवा. बटणाची गाडी असेल तर ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबा, बहुतेक गाड्यांत तेच होतं. ऑइल, बॅटरी, चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग हे सगळे दिवे लागायला हवेत, गाडी स्वतःचे दिवे तपासून दाखवते. जो लागला नाही त्याचा बल्ब गेलाय नाहीतर कोणीतरी काढलाय.

एअरबॅगच्या दिव्यावर डोळा ठेवा. तो साधारण पाच-सहा सेकंदांत, इंजिन सुरू नसतानाही, आपला आपण विझतो. ऑइलचा मात्र इंजिन सुरू होईपर्यंत लागलेलाच राहतो. अपघातात एअरबॅग फुटल्यावर नवीन न बसवता त्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडून देणारे लोक आहेत, मी मीटर खोलून तो जोड डोळ्यांनी बघितलाय, इन्सुलेशन टेपखाली दोन सेंटिमीटरचा तुकडा होता. अशा गाडीत एअरबॅगचा दिवा पाच-सहा सेकंदांनी विझत नाही, इंजिन सुरू केलं की ऑइलच्या दिव्याबरोबर एकाच क्षणी जातो. तेव्हा चावी ऑन करून निदान अर्धा मिनिट काहीच करू नका, मालकाने "मारा ना स्टार्टर" म्हटलं तरी.