'स्वसंरक्षणार्थ' की 'आत्मसंरक्षणार्थ'?

प्रश्न : ठाण्यात आमच्या सोसायटीत चोऱ्या वाढल्यावर फलकावर सूचना लागली, 'चोर दिसल्यास स्वसंरक्षणार्थ चोप द्यावा.' एका सभासदाचं म्हणणं, शुद्ध शब्द 'आत्मसंरक्षणार्थ'. बरोबर काय?

उत्तर : दोन्ही शुद्ध. कराटेच्या वर्गापासून पोलिसांच्या 'स्वसंरक्षणार्थ गोळीबारा'पर्यंत 'स्व'वालं रूप जास्त चालतं, इतकंच. सूचनेत खटकायला हवा तो 'चोप'.

कायद्यात हा 'खासगी बचावाचा हक्क'. शब्द रुक्ष आहे खरा, आणि 'बचाव पक्षाचे वकील' मधल्या बचावाशी त्याची गल्लतही होते. तरी मला तोच नेमका वाटतो. 'स्व' लावला की फक्त आपला जीव डोळ्यांपुढे येतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 35 मात्र दुसऱ्याच्या शरीराचा आणि मालमत्तेचाही बचाव करू देतं. गेटपाशी शेजारच्या काकूंचं मंगळसूत्र ओढणाऱ्याला तुम्ही आडवं पाडलंत, तर त्यात तुमचं 'स्व' काहीच नसतं, तरी हक्क असतो.

शिवाय बचाव धोका असेपर्यंतच. कलम 37 सांगतं, बचावापुरती लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. हल्ला अंगावर आलेला असताना प्रत्येक फटका तराजूत तोलून मारावा, अशी अपेक्षा कोर्टंही करत नाहीत. पण चोर सापडला, पंपरूमच्या खांबाला बांधला, वॉचमनने त्याचा मोबाइलही काढून घेतला, आणि मग चौथ्या मजल्यावरचे कुणी बॅट घेऊन खाली आले. त्यांनी ठेवून दिलेल्या दोन फटक्यांना स्वसंरक्षण म्हणा की आत्मसंरक्षण, ती मारहाणच, गुन्हा त्यांच्यावर.

जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो, पण ठरावीक प्रसंगांत : मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, ॲसिडहल्ला, अपहरण वगैरे. मालमत्तेसाठी जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं. दारातली सायकल पळवणारा यात बसत नाही. चोरी करताना त्याने चाकू काढला आणि जिवावर बेतण्याची वेळ आली, तर गोष्ट वेगळी. सद्भावनेने बचाव करता करता, सूड मनात नसताना, हद्द ओलांडली गेली आणि समोरचा मेला, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला जातो. म्हणजे सुटका नाहीच. (1 जुलै 2024पूर्वी हे सारं भारतीय दंड संहितेच्या 96 ते 106 या कलमांत होतं.)

आणखी एक : पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल, तर हा हक्क मिळतच नाही. म्हणून सूचना अशी लिहा, 'चोर दिसल्यास वॉचमनला हाक मारावी व 112 वर फोन करावा.' 'स्वसंरक्षणार्थ' गाळला तरी चालेल.