घराच्या फाइलमागची बाई

डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात मी ट्रान्झॅक्शन कोऑर्डिनेटर म्हणून काम करते. करारावर सह्या झाल्या की किल्ली हातात पडेपर्यंतचे, म्हणजे क्लोजिंगपर्यंतचे, कागद आणि तारखा माझ्याकडे. मराठी मंडळींकडून आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत. उत्तरं टेक्ससपुरती आहेत. कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीत करारनामाही वेगळा आणि चालरीतही वेगळी.

आमच्या क्लोजिंगच्या हिशेबात 'ट्रान्झॅक्शन फी ३९५ डॉलर' अशी ओळ निघाली. एजंटला कमिशन देतोच आहोत, मग हे कशाचे? (केटी)

बहुधा माझ्यासारखीचे. कधीकधी ब्रोकरेज स्वतःच्या खर्चासाठीही अशी रक्कम लावतं, म्हणून आधी कुणाची आहे ते विचारा. एजंट घरं दाखवतो, ऑफर लिहितो, घासाघीस करतो. ऑफर मान्य झाली की फाइल माझ्याकडे येते. करार टायटल कंपनीला (मालकी तपासून सह्या आणि पैशांचा व्यवहार पुरा करून देणारी कंपनी) पोचवणं, बयाणा जमा झाल्याची पावती मागवणं, सोसायटीचे म्हणजे एचओएचे कागद, सर्व्हे, लोन ऑफिसरचा पाठपुरावा, राहिलेली सही, पान सातवरची राहिलेली आद्याक्षरं. फी फाइलमागे ठरलेली असते, साधारण ३५० ते ५०० डॉलर, आणि बहुतेकदा व्यवहार पुरा झाला तरच मिळते. बरेच एजंट ती आपल्या कमिशनातून देतात, काही ग्राहकाच्या माथी मारतात. मारायची तर ती तुम्ही एजंटशी केलेल्या लेखी करारात असली पाहिजे. ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्याआधी असा करार करून घ्यावा लागतो. तो काढा, वाचा. त्यात ओळ नसेल तर सरळ विचारा, भीड कसली?

सात दिवसांचा ऑप्शन पिरियड (थोडी फी भरून कारण न देता माघार घेता येते ती मुदत) रविवारी संपत होता. शुक्रवारी फाउंडेशनचा रिपोर्ट वाईट आला म्हणून सोमवारी सकाळी नकार कळवला. आता विक्रेता ६,००० डॉलरचा बयाणा सोडायला तयार नाही. कोऑर्डिनेटरनं आठवण करायला नको होती का? (फ्रिस्को)

हवी होती. पण आधी दिवस कसे मोजतात ते बघू, कारण घोळ नेहमी इथेच होतो.

करार अमलात आला ती तारीख म्हणजे शून्य. दुसरा दिवस पहिला. रविवारी अमलात आला तर सातवा दिवस पुढचा रविवार, आणि घर जिथे आहे तिथल्या घड्याळात संध्याकाळी पाच वाजता ऑप्शन संपला. गंमत अशी की बयाणा आणि ऑप्शन फी भरायला जे तीन दिवस मिळतात, त्यातला शेवटचा शनिवारी-रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी आला तर तो पुढे सरकतो. ऑप्शनचा दिवस सरकत नाही. एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी दोन नियम, त्यामुळे मुरलेली माणसंही फसतात. माझ्या टेबलाजवळ कालनिर्णय टांगलेलं आहे, पण फाइलीच्या तारखा मी वेगळ्या कागदावर हातानं लिहिते आणि प्रत्येक तारखेपुढे 'सरकते' किंवा 'सरकत नाही' असं खरडते. सॉफ्टवेअर आहेच. तरी लिहिते.

दोष कुणाचा? कोऑर्डिनेटर एजंटच्या हाताखाली असते, तुमच्याशी जबाबदारी एजंटची आणि त्याच्या ब्रोकरची. त्या दोघांना लेखी विचारा. बयाणा मात्र लगेच गेला असं धरू नका. कर्जाची पुरवणी (कर्ज मिळालं नाही तर माघार घेऊ देणारी) जोडलेली असेल आणि तिची मुदत शिल्लक असेल, किंवा टायटलवर हरकत घेण्याची मुदत उरली असेल, तर तिथे वाट असू शकते. ती आहे की नाही हे वकील सांगेल. मला माहीत असलं तरी मी सांगायचं नाही, कराराचा अर्थ लावणं माझ्या कामात बसत नाही. आणि रिपोर्ट शुक्रवारी हातात होता ना? डॅलसची चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, फाउंडेशनला तडे जातात हे इथे शाळेतली पोरंही सांगतील. विचार करायला शनिवार-रविवार हवा होता तर शुक्रवारीच विक्रेत्याकडून ऑप्शन वाढवून घ्यायचा, चार पैसे जास्त देऊन.

क्लोजिंग नेमकं सर्वपित्री अमावास्येला आलंय. सासूबाई ऐकायला तयार नाहीत. तारीख बदलता येईल? (प्लेनो)

येईल, पण एकट्या तुमच्या इच्छेनं नाही. दुरुस्तीचा कागद करून दोन्ही पक्षांच्या सह्या लागतात. विक्रेत्यानं सामान हलवायला ट्रक ठरवलेला असतो, त्याच दिवशी त्याचं पुढचं घर असतं, तो 'नाही' म्हणू शकतो. तुमच्या कर्जाचा दर किती तारखेपर्यंत बांधून ठेवलाय तेही बघा, मुदत ओलांडली तर वाढवायला पैसे पडतात. अलीकडे ओढणं त्याहून अवघड. कर्जाच्या अंतिम आकड्यांचा कागद, क्लोजिंग डिस्क्लोजर, सहीच्या किमान तीन कामाच्या दिवसांआधी तुमच्या हातात असावा लागतो. यात शनिवार धरतात, रविवार धरत नाहीत.

सासूबाईंना एवढं सांगून बघा की सही म्हणजे गृहप्रवेश नव्हे. अमावास्येला टायटल कंपनीत जाऊन सह्या करा, किल्ली खिशात ठेवा, घटस्थापनेला कलश घेऊन आत पाऊल टाका. माझ्याकडे पितृपक्षातल्या फाइली दरवर्षी येतात आणि निम्म्या अशाच सुटतात. मुहूर्त पाहायचाच असेल तर ऑफर लिहिताना एजंटला सांगा, तेव्हा तारीख फुकट बदलते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याला परत आलो. ग्रीन कार्ड नव्हतं. टेक्ससमधलं घर आता ५,२०,००० डॉलरला विकतोय. घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे, तरी टायटल कंपनी बायकोची सही मागते. वर पंधरा टक्के कापणार म्हणते. खरं का? (कोथरूड)

दोन्ही खरं. टेक्ससमध्ये राहतं घर विकायला नवरा-बायको दोघांची सही लागते, नाव एकाचंच असलं तरी. शिवाय लग्नानंतर घेतलेली मिळकत दोघांची धरली जाते. तुम्ही ते मधे भाड्यानं दिलं असेल तर 'आता ते राहतं घर कुठे' असा वाद घालता येईल, पण टायटल कंपनी वाद ऐकत नाही, सही मागते. वहिनी पुण्यातूनच सही करू शकतात. मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत अपॉइंटमेंट घेऊन नोटरी करता येते, किंवा भारतीय नोटरी आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालावा म्हणून मिळणारा शिक्का. टेक्ससमध्ये २०१८ पासून ऑनलाइन नोटरीही चालते. यातलं काय स्वीकारणार हे टायटल कंपनीकडून आधी मेलवर लिहून घ्या. मुखत्यारपत्र करणार असाल तर त्याचा मसुदाही आधी त्यांना दाखवा. एका फाइलीत मुंबईहून कुरिअरनं आलेलं मुखत्यारपत्र घराचं वर्णन चुकलं म्हणून परत गेलं. दहा दिवस गेले, आणि खरेदीदाराचा धीरही.

कपातीचं असं. परदेशी व्यक्तीनं अमेरिकेतलं घर विकलं की खरेदीदारानं विक्रीच्या किमतीतून रक्कम कापून आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकी कर खात्याकडे, भरायची, हा फर्प्टा कायदा. नफ्यावर नाही, किमतीवर. एरवी दर १५ टक्के, म्हणजे तुमचे ७८,००० डॉलर. घेणारा स्वतः राहायला जाणार असेल आणि किंमत तीन लाखांच्या वर पण दहा लाखांपर्यंत असेल तर १० टक्के, म्हणजे ५२,०००. म्हणून समोरचा राहायला घेतोय की भाड्यानं द्यायला, हे विचारा. हा अंतिम कर नव्हे, पुढच्या वर्षी विवरणपत्र भरून जास्तीचे परत मागता येतात. पैसे अडकू नयेत असं वाटत असेल तर क्लोजिंगच्या दिवसापर्यंत फॉर्म ८२८८-बी भरून कमी कपातीचा दाखला मागता येतो. तो अर्ज सीएकडून नको, अमेरिकी सीपीएकडून करून घ्या, आणि घर बाजारात टाकतानाच त्याला गाठा. एच-१बीवर इथे राहून घर विकणाऱ्यांना सहसा हे लागू होत नाही, करापुरते ते रहिवासीच असतात. तुमचा मित्र 'मला कुठे काही कापलं' म्हणत असेल तर कारण हे.

पुण्यात बसून हे काम करता येतं असं ऐकलंय. बी.कॉम. आहे, बँकेत सहा वर्षं होते. जमेल का? (सिंहगड रोड)

जमेल, बरेच अमेरिकी एजंट बाहेरच्या देशातून हे काम करून घेतात. लायसन्स नसताना घासाघीस करायची नाही, कराराचा सल्ला द्यायचा नाही, एवढी रेघ कायम सांभाळा. बँकेची सवय उपयोगी पडेल, विशेषतः एका गोष्टीत: क्लोजिंगच्या आदल्या दिवशी 'आमचा खाते क्रमांक बदलला आहे' असा टायटल कंपनीच्या नावानं मेल येतो. तो जवळजवळ नेहमीच चोराचा. मेलमधल्या नंबरवर नाही, पहिल्या दिवशी फाइलीत लिहून ठेवलेल्या नंबरवर फोन करायचा. खरेदीदाराला हे पहिल्या मेलमध्येच सांगून ठेवायचं.

अडचण घड्याळाची. टेक्ससचे संध्याकाळचे पाच म्हणजे उन्हाळ्यात पुण्यात पहाटेचे साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. घरच्यांशी हे आधी बोला. आणि महागडा कोर्स घेण्याआधी टेक्सस रिअल इस्टेट कमिशनच्या संकेतस्थळावरून घरविक्रीचा करारनामा उतरवून घ्या, फुकट आहे. करार गुरुवारी अमलात आला आणि ऑप्शन दहा दिवसांचा आहे असं धरून सगळ्या तारखा काढा. ऑप्शन कधी संपतो ते पुण्याच्या वेळेत लिहून मला पाठवा.