विधवा ट्वँकीची भूमिका स्वीकारावी का?

प्रश्न : मी कुटुंबासह इंग्लंडमध्ये लेस्टरशायरमधील एका गावात राहतो. येथील हौशी नाट्यसंस्था दर जानेवारीत गावाच्या सभागृहात कौटुंबिक पँटोमाइम सादर करते. यंदा ‘अलादीन’ बसवले जात असून अलादीनच्या आईची, म्हणजे विधवा ट्वँकीची, भूमिका मला देऊ केली आहे. माझी नऊ वर्षांची मुलगीही समूहनृत्यात आहे. महाविद्यालयात असताना मी एकांकिका स्पर्धांत गंभीर भूमिका केल्या, परंतु स्त्री-भूमिका कधीच केली नाही. स्त्रीसारखे चालणे-बोलणे कितपत साधायला हवे आणि मुले मध्येच ओरडू लागली की प्रवेश कसा सांभाळायचा, याबद्दल मार्गदर्शन करावे.
— एक वाचक

उत्तर : भूमिका अवश्य स्वीकारावी. इंग्लंडमधील हे पँटोमाइम मुके नसते. गाणी, नाच, कोट्या आणि प्रेक्षकांशी उघड संवाद यांनी ते भरलेले असते, आणि त्याचा बराचसा भार ‘डेम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रौढ स्त्री-पात्रावर असतो. नायकाचे काम परंपरेने एखादी तरुण अभिनेत्री करते आणि त्याच्या आईचे काम पुरुष करतो. लंडनच्या स्ट्रँड थिएटरमध्ये 1861 साली हेन्री जेम्स बायरन यांच्या ‘अलादीन’मध्ये ही ट्वँकी प्रथम आली, तेव्हाही ती पुरुषानेच केली होती.

मराठी नटाची अडचण येथेच होते. स्त्री-भूमिका म्हटली की आपल्यासमोर बालगंधर्व येतात, आणि मग नऊवारीचा घोळ, मान वेळावणे, आवाजातील मार्दव असे सारे हुबेहूब साधण्याच्या मागे आपण लागतो. डेमच्या बाबतीत हा मार्ग चुकीचा आहे. घागऱ्याखाली पुरुष आहे हे शेवटच्या रांगेतल्या मुलालाही सतत दिसत राहिले पाहिजे, कारण हशा त्यावरच उभा असतो. आपल्याकडे जवळचे नाते शोधायचे असेल तर ते संगीत नाटकात न शोधता तमाशाच्या गवळणीतील मावशीकडे पाहावे. ती पुरुषी आवाजात, कमरेवर हात ठेवून कृष्णाशी हुज्जत घालते आणि कोणालाही फसवण्याचा प्रयत्न करीत नाही.

मात्र नुसता आचरटपणाही पुरत नाही. ड्रुरी लेन थिएटरमध्ये 1888 पासून 1904 पर्यंत डॅन लेनो यांनी डेमच्या भूमिका गाजवल्या, त्या गरीब, बडबड्या, संसाराने गांजलेल्या बायकांचे निरीक्षण त्यांनी मनापासून केले होते म्हणून. ट्वँकी लाँड्री चालवते, तिच्याकडे भाड्याला पैसे नाहीत आणि मुलगा उनाड आहे. ही काळजी आपण खरी मानून करावी आणि बाईपण मात्र उघडउघड खोटे ठेवावे. या दोहोंच्या मिश्रणातूनच ती प्रेक्षकांची लाडकी होते. आवाज आपलाच ठेवावा. उच्चारांत मराठी छटा असेल तर ती लपवण्याची गरज नाही. शब्द स्पष्ट पोहोचले म्हणजे झाले.

आता मुलांविषयी. एकांकिकेत प्रेक्षक बोलला तर तो व्यत्यय असतो; येथे तो सहकलाकार असतो, आणि त्याची वाक्येही ठरलेली असतात. भुताचा परंपरागत प्रवेश पाहा. तीन पात्रे बाकावर बसून भीती घालवण्यासाठी गात असतात आणि भूत मागून येते. मुले “ते तुमच्या मागे आहे!” असे किंचाळतात, पात्रे नेमक्या चुकीच्या बाजूला पाहतात, आणि भूत एकेकाला पळवून लावते. अखेरीस डेम एकटी उरते. ती वळते, दोघांची नजरानजर होते आणि तिचे तोंड पाहून भूतच ओरडत पळून जाते. या प्रवेशात आरोळी टिपेला जाऊन उतरू लागली की पुढचे वाक्य घ्यावे. ऐन गदारोळात ते बुडते, आणि पूर्ण शांततेची वाट पाहिली तर मुलांचा जोर ओसरतो. रिकाम्या सभागृहात हे कळत नाही. म्हणून शेवटच्या तालमींना सदस्यांच्या मुलांना समोर बसवून ओरडायला लावण्याची विनंती दिग्दर्शकांना करावी. एखादे मूल भेदरून रडू लागले तर त्याच्याशी दोन शब्द बोलून पुढे जावे. तसे करण्याचा हक्क डेमला असतो.

पोशाख बहुतेक प्रवेशांना बदलतो आणि दर वेळी अधिक भडक होतो, त्यामुळे विंगेत मदतनीस कोण आहे हे आधीच ठरवून घ्यावे. बूट आणि घेर असलेला झगा तालमीच्या सुरुवातीपासूनच वापरावा. लाँड्रीच्या प्रवेशात फेसाची चिखलफेक असेल तर खाली घसरणार नाही असे कापड हवे आणि ते उचलून बाहेर नेण्याची सोयही हवी. पडद्यापुढे पुढचा प्रवेश सुरू असतानाच मागे हे काम उरकायचे असते.

एक गोष्ट मात्र काम स्वीकारण्याआधीच विचारावी. ‘अलादीन’ परंपरेने पेकिंगमध्ये घडते आणि त्या निमित्ताने चिनी माणसांची केलेली टिंगल आज अनेक संस्थांनी टाळली आहे. काहींनी तर कथेचे स्थळच बदलले आहे. आपली संहिता कोणती आहे, डोळ्यांची रंगभूषा आणि चिनी उच्चारांची नक्कल अपेक्षित आहे का, हे स्पष्ट करून घ्यावे. तसे असल्यास नकार देण्यात संकोच बाळगू नये. त्यावाचून या भूमिकेचे काहीही अडत नाही. संहितेत स्थानिक विनोद घालण्याआधी हक्कधारकांची परवानगी कितपत आहे, हेही पाहावे.

मुलीसाठी स्थानिक परिषदेचा परवाना लागतो का, हे संस्थेच्या सचिवांना आजच विचारावे. मानधन नाही, शाळा बुडत नाही आणि गेल्या सहा महिन्यांत तिचे प्रयोगाचे दिवस तीनपेक्षा अधिक नाहीत, तर सवलत मिळू शकते. एरवी अर्ज प्रयोगाच्या किमान 21 दिवस आधी गेला पाहिजे. आपण स्वतः रंगमंचावर असताना तिच्याकडे लक्ष ठेवण्यासाठी परवानाधारक देखरेखकर्त्याची सोय असल्याची खात्री करून घ्यावी.